आबांचं तिकीट आणि मालकांची माळ

आबांना तिकीट मिळेल असं आमच्या गावाबाहेर कुणालाच वाटत नव्हतं. गावात मात्र आम्हाला त्याबद्दल काडीची शंका नव्हती. विधानसभेची निवडणूक तोंडावर आली होती आणि पक्षाने इच्छुकांना मुलाखतीसाठी बीडला बोलावलं होतं. इच्छुक पुष्कळ होते. त्यांत एक गुत्तेदार होता, सरकारी कामांचे ठेके घेणारा, त्याचे फोटो पाटोद्याच्या बाजारात खांबाखांबावर लटकत होते. एका जुन्या पुढाऱ्याचा मुलगा होता, तो लघवीला उतरला तरी मागे दोन गाड्या थांबायच्या. आणि आमचे आबा होते. सत्तरी ओलांडलेले, धोतर-सदऱ्यातले, गळ्यात तुळशीची माळ, फार पूर्वी एकदा सरपंच झालेले. निवडणुकीच्या नावाने त्यांनी जन्मात कुणाला कपभर चहा पाजला नव्हता. "माज्याकडं चहा मताच्या आदी बी न्हाई आन मागून बी न्हाई," असं ते तोंडावर सांगायचे, आणि आम्ही बायका त्यावर खूश व्हायचो.

खूश व्हायला कारण होतं. सरपंच असताना आबांनी गावातली दारूची टपरी बंद केली होती. मोर्चा नाही, अर्ज नाही, पोलीस नाहीत. रोज दिवस मावळायला ते टपरीसमोरच्या दगडावर जाऊन बसायचे. कुणाला अडवायचे नाहीत, कुणाला बोलायचे नाहीत. येणाऱ्या प्रत्येकाला नाव घेऊन हाक मारायचे आणि रामराम घालायचे. बापाच्या वयाच्या माणसाने रामराम घातल्यावर टपरीत शिरायला फार निगरगट्ट असावं लागतं. काही जण शिरले, पण बाकीचे दगडापासूनच माघारी फिरले. पुढच्या पावसाळ्याच्या आत टपरीवाल्याने पत्रे उचलले.

त्या दगडापासून माघारी फिरलेल्यांत माझे मालक, म्हणजे माझा नवरा, नव्हते. ते तेव्हा गावातच नव्हते. आम्ही दोघं ऊसतोडीला जायचो, दिवाळी झाली की निघायचो ते उन्हाळ्यातच परतायचो. दारू त्यांना उसाच्या फडात लागली. अंग ठणकतं म्हणून घोटभर, थंडी वाजते म्हणून घोटभर, आणि मग कारण सांगायचीही गरज उरली नाही. लेकीला उराशी धरून मी उसाच्या पाचटात लपून झोपलेली आहे, यापेक्षा जास्त मी सांगणार नाही. प्यायले की ते मूठभर बडीशेप खायचे. आम्हाला कळत नाही असं त्यांना वाटायचं. लेक एवढीशी होती, पण बडीशेपेचा वास आला की खेळ टाकून माझ्या मागे येऊन उभी राहायची.

मग एका उन्हाळ्यात मीच त्यांना आबांच्या दारात नेऊन उभं केलं. आबांनी त्यांना मारुतीच्या देवळात नेलं आणि गावासमोर त्यांच्या गळ्यात माळ घातली. माळकरी गावोगाव असतात. आबांची रीत मात्र वेगळी होती. ते आधी वचन घ्यायचे. दारू नाही, मटण नाही, खोटं नाही, आणि आबा सांगतील ती घराची शिस्त. माळ घालताना आबा हात लावायचे, उतरवताना लावायचे नाहीत. ज्याचा नियम मोडला त्याने स्वतःच्या हाताने ती काढायची आणि आबांच्या ओट्यावर नेऊन ठेवायची. गावात एक-दोघांवर तशी वेळ आली होती. नंतर ते पुन्हा दारूत बुडाले, हे सगळ्यांना माहीत होतं.

माळ घातली त्या दिवसापासून माझ्या नवऱ्याने थेंब घेतला नाही. ऊसतोड सुटली. शेरडं घेतली, मग पिठाची गिरणी टाकली. माझ्या घरात जे काही उभं आहे ते त्या माळेवर उभं आहे, हे मी तेव्हाही म्हणायचे आणि आजही म्हणते.

तेव्हा आबा तिकीट मागायला निघाले म्हटल्यावर मी घरात बसणार होते का? भादव्यात महालक्ष्म्या बसल्या आणि आम्ही बायकांनी तालुका पालथा घातला. महालक्ष्म्या बघायला कुणीही कुणाच्याही घरी जातं. आम्ही कुंकू लावून घ्यायचो, आरास बघायचो आणि उठता उठता आबांचं नाव काढायचो. "टपरी बंद करनारे आबा," एवढं म्हटलं की घरातली बाई दारापर्यंत सोडायला यायची. भिंतींवर आम्ही गेरूने लिहिलं, 'आबांना तिकीट द्या'. तिकीट देणारे बसले होते मुंबईला, आणि आम्ही ते मागत होतो जनावरांच्या गोठ्याच्या भिंतीवर. हसू येतं आता. आणखी एक गोष्ट होती. आबांना मानणारे निम्मे लोक दिवाळी झाली की कोयते घेऊन पश्चिमेकडे जाणार होते, मतदानाला ते उरणारच नव्हते. हे सगळ्यांना दिसत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

आबांची बाकीची मतं मी कानाआड करत आले होते, तेही सांगायला हवं. लग्नात डीजे नको, वाढदिवसाला केक नको, लग्नाआधी नवरानवरीचे फोटो नकोत. इथपर्यंत ठीक होतं. पण पुढे ते म्हणायचे, "लेकी शिकवा, बारावीपोतर शिकवा. पर घरात ठिवून शिकवा. होस्टेलात लेक ठिवली म्हंजी वाऱ्यावर ठिवली." हे ते कीर्तनासारखं रंगवून सांगायचे आणि आम्ही बायाही माना डोलवायचो. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझी लेक फ्रॉकमध्ये होती. मान डोलवायला माझं काय जात होतं?

यंदा ती बारावी झाली आणि अंबाजोगाईला नर्सिंगला तिचा नंबर लागला. नेमका महालक्ष्म्यांच्या त्याच पंधरवड्यात. नर्स व्हायचं तिने फडातच ठरवलं असावं. एकदा कोयता निसटून माझी पोटरी फाटली, तेव्हा एवढ्याशा हाताने चिंधी तिने बांधली होती आणि रडलीही नव्हती. फोनवर निकाल पाहून ती नाचत गिरणीत आली. मालकांनी गिरणी बंद केली. पट्टा थांबल्यावर हातावरचं पीठ झटकलं.

"आबाला काय सांगू?" एवढंच म्हणाले.

"सांगा, लेक नर्स होनार हाय."

"माळ घालताना शबूद दिलाय मी."

"तुमी दिलाय. तिनं न्हाई दिला."

"एक वरीस थांबली तर काय होतंय? निवडणूक तर होऊ दे."

"जागा थांबत नसती," मी म्हणाले. त्यांनाही ते माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी देवळात मुलाखतीच्या तयारीची बैठक झाली. आबा म्हणाले, "आपल्याकडं गाड्या न्हाईत, पैका न्हाई. मी तिथं येकच सांगनार. माज्या मागं जी मानसं हायत त्यांनी आदी सोताच्या घरात करून दावलंय." असं म्हणून त्यांनी माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मी बायकांच्या बाजूला बसून पाहिला.

लेकीला मी एकटीने नेलं. मालक सकाळीच शेरडं घेऊन माळरानावर गेले होते. जाताना तिच्या पेटीवर नवीन बॅटरी आणि छत्री ठेवून गेले होते. एसटीत ती खिडकीशी बसली आणि मांजरसुंबा येईपर्यंत बाहेरच बघत होती. होस्टेलच्या फाटकाशी मात्र तिने माझा हात सोडला नाही.

"आई, पप्पा माळ काढतील का गं?"

"कावून काढतील?"

"मला खरं सांग. त्यांनी माळ काढली तर मला फोन कर. मी त्याच दिवशी माघारी येईन. मला न्हाई व्हायचं नर्स मग."

"येड्यावानी बोलू नको."

"आन मी कुठं हाय म्हणून कुणी इचारलं तर खोटं सांगू नको. मी काय पळून आलेय का?"

मी घरी आले तेव्हा मालकांनी आबांना सांगून टाकलं होतं की पोरगी गेवराईला मावशीकडे गेली आहे. माळ गळ्यात असताना ते खोटं बोलले होते. त्या रात्री ते जेवले नाहीत. पुढेही, गिरणीत दळण टाकताना, त्यांचा हात सारखा गळ्याकडे जायचा.

मुलाखतीच्या दिवशी बीडच्या विश्रामगृहाबाहेर जत्रा भरली होती. ढोल, हलगी, गळ्यात एकसारखे रुमाल घातलेली पोरं. गुत्तेदाराने आणि पुढाऱ्याच्या मुलाने मंडप टाकून पंगती बसवल्या होत्या. ज्याचा रुमाल त्याच्याकडे जेवायचं असं होतं, पण काही हुशार लोक रुमाल बदलून दोन्हीकडे जेवत होते. आबांचा आम्हाला हुकूम होता, जो तो आपल्या भाकरीने येईल. आम्ही दोन टेम्पोंतून गेलो आणि लिंबाखाली फडकी सोडून बसलो. बाजरीची भाकरी, ठेचा, कांदा. रुमालवाली पोरं आमच्याकडे बघून हसत होती. एकाने विचारलंसुद्धा, "कोन्या लग्नाला आलाव बे?" आमच्यातल्या एका म्हातारीने त्याला भाकरी पुढे केली, तेव्हा तो वरमला.

आत जाताना आबांबरोबर पाच माणसं सोडणार होते. बाईमाणूस हवं म्हणून आबांनी मला घेतलं. माझे मालक होतेच. मुलाखत घेणारे पक्षाचे निरीक्षक लांबच्या कुठल्यातरी जिल्ह्यातले होते, चष्मा कपाळावर सरकवलेले, सकाळपासून तीच तीच वाक्यं ऐकून दमलेले. त्यांनी खिडकीकडे बोट केलं.

"आजोबा, झाडाखाली भाकरी खाणारी ती तुमची माणसं का?"

"व्हय. आपापली भाकर हाय."

साहेब खुर्चीत सरळ बसले. चष्मा खाली घेतला. "सकाळपासून शंभर गाड्या पाहिल्या," ते म्हणाले, "पण स्वतःची भाकरी बांधून आलेला कार्यकर्ता पहिल्यांदा पाहतोय." खरं सांगते, त्या घटकेला मला वाटलं की होतंय हे, तिकीट मिळतंय आबांना.

आबांनी मग त्यांचं ठरलेलं वाक्य सांगितलं. माझ्या मागं जी माणसं आहेत त्यांनी आधी स्वतःच्या घरात करून दाखवलं आहे. दारू नाही, डामडौल नाही. आणि मग तेही आलं, "आमच्या लेकी बी वाऱ्यावर न्हाईत सायेब. येकाची बी लेक होस्टेलात न्हाई."

साहेब हसले. चांगलं हसले, वाईट मनाने नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, तुम्हाला आहे का मुलगी? काय करते?"

खोली लहान होती. मालक माझ्या उजवीकडे उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण त्यांचा हात गळ्याकडे गेलेला मला दिसला. मावशी, गेवराई, असे दोनच शब्द म्हणायचे होते. ते जिभेवर आलेही होते. पण फाटकाशी उभी राहून माझा हात न सोडणारी पोरगी समोर आली, आणि तिला मी गेवराईला पाठवू शकले नाही.

"अंबाजोगाईला हाय," मी म्हणाले. "होस्टेलात. नर्स होनार हाय ती."

"अरे वा!" साहेब म्हणाले. "मग चांगलंच आहे की! आजोबा, हे सांगा ना लोकांना. शेतकऱ्याची मुलगी नर्स होतेय."

बिचाऱ्यांना काहीच कळलं नव्हतं. त्यांच्या हिशेबी मी आबांची बाजू भक्कम केली होती. आबा मात्र खुर्चीतून उठले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. माझ्या नवऱ्याकडे पाहिलं, आणि मग साहेबांपुढे हात जोडले.

"सायेब, माजं आताचं बोलनं खोटं निगालं. खोटं बोलून मला तिकीट नको."

"अहो आजोबा, बसा. एवढं काय त्यात? तुम्ही कुठे खोटं बोललात?"

"मी बोल्लो. मला माहीत नव्हतं, पर बोल्लो मीच." आणि ते चालू लागले. साहेब खुर्चीतून अर्धवट उठून आमच्याकडे बघत राहिले. राजकारणात असा माणूस त्यांनी आधी पाहिला नसावा, आणि पुन्हा पाहायला मिळावा असंही त्यांना वाटलं नसावं.

बाहेर आमची माणसं अजून जेवत होती. आबा "चला" म्हणाले तेव्हा त्यांनी अर्ध्या भाकऱ्या फडक्यांत गुंडाळल्या. टेम्पोत बसेपर्यंत सगळ्यांना सगळं कळलं होतं. माझ्या शेजारी बसलेली बाई उठून पलीकडे जाऊन बसली. हीच बाई महालक्ष्म्यांत माझ्याबरोबर घरोघर फिरली होती.

गावात उतरल्यावर मालक घरी आले नाहीत. ते आबांच्या मागे मागे गेले आणि मी त्यांच्या मागे. आबा ओट्यावर बसले. मालक खाली उभे राहिले, त्यांनी दोन्ही हात मानेमागे नेले आणि माळ डोक्यावरून काढली. केसांत अडकली तेव्हा त्यांनी ती हळूच सोडवली. मग ओट्याच्या कडेला ठेवली. मी आबांकडे बघत होते. मनात म्हणत होते, थांबवा यांना. एकदा नुसतं नाव घेऊन हाक मारा.

आबा माळेकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरले होते, ते मी पाहिलं. पण भरलेल्या डोळ्यांचं मी काय करू? दारूच्या टपरीसमोर बसून पिणाऱ्या प्रत्येकाला नावाने हाक मारणारा माणूस, त्याने त्या दिवशी माझ्या नवऱ्याला हाक मारली नाही. स्वतःचा शब्द सांभाळला, तिकीट सोडलं, आणि माणूस जाऊ दिला. आबांनी माझं घर उभं केलं हे मी विसरणार नाही, आणि हेही विसरणार नाही. दोन्ही एकाच माणसाने केलं, म्हणून माझा राग धड रागही होत नाही.

घरी येताना मी मालकांना म्हणाले, "मला शिव्या द्या. काहीतरी बोला."

"कशापायी? तू खरं बोललीस. खोटं मी बोललतो," ते म्हणाले आणि शेरडं बांधायला गेले.

तिकीट गुत्तेदाराला मिळालं. आबांना ते तसंही मिळालं नसतं, हे पाटोद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. पण आमच्या गावात तसं कुणी मानत नाही. गावाच्या हिशेबी तिकीट हातात आलं होतं आणि एका बाईने ते घालवलं. एकादशीच्या भजनाला मला बोलावणं येत नाही. गिरणीत दळण येतं, कारण दुसरी गिरणी लांब आहे. भिंतींवरचा गेरू पावसाने अजून पुरता गेलेला नाही.

आबांनी ती माळ ओट्यावरून उचलून दाराशेजारच्या खुंटीला अडकवली आहे. पाण्याला जाताना ती मला रोज दिसते. फाट्यावर आता दारूची नवी टपरी झाली आहे, आणि तिच्यासमोर कुणी बसत नाही. आबा थकले आहेत, घराबाहेर फारसे पडत नाहीत. मालक संध्याकाळी गिरणी बंद करून पाय मोकळे करायला म्हणून जातात. मी भाकऱ्या थापत वाट बघते. पावलांचा आवाज नीट आला की जीव भांड्यात पडतो.

परवा पाऊल नीट पडत होतं. ते आत आले, चुलीपाशी बसले, माझ्याशी शेरडांबद्दल दोन शब्द बोलले. आणि मला बडीशेपेचा वास आला.

मी तव्यावरची भाकरी काढली. तवा उतरवला. तेवढ्यात फोन वाजला. लेक रोज याच वेळेला फोन करते. परीक्षा जवळ आली आहे, पहिल्यांदाच तिला वॉर्डात उभं केलं, एका म्हातारीने तिला सिस्टर म्हणून हाक मारली, असं सगळं ती एका दमात सांगत होती. मी हुंकार देत होते. शेवटी नेहमी विचारते तसं तिने विचारलं.

"आई, पप्पांच्या गळ्यात माळ हाय ना?"

मालक चुलीच्या उजेडात मान खाली घालून बसले होते. त्यांनी ऐकलं होतं. त्यांचा हात गळ्याकडे गेला आणि तिथेच राहिला.

"हाय," मी म्हणाले. "तू अभ्यास कर."